बडनेऱ्याचा अनुभव आणि चांदूरचा प्रश्न

(चांदूर रेल्वे येथील कार्यकर्ता अभ्यासवर्गात झालेले भाषण)



नगरपालिकांचा कारभार सुधारावयाचा असेल तर लहान पालिका मोडून त्यांच्या मोठ्या पालिका कराव्यात, असा विचार सरकारी कचेऱ्यांपासून बाजारपेठेतल्या चहाच्या टपरीपर्यंत अधूनमधून मांडला जातो. समाजवादी कार्यकर्त्यांतही त्याला अनुकूल असलेले पुष्कळ आहेत आणि त्यांचा हेतू चांगला आहे. वीस हजार वस्तीच्या गावाला स्वतंत्र मुख्याधिकारी, स्वतंत्र अभियंता, लेखापाल, अग्निशमनाची गाडी, कचरा टाकण्याची जागा हे सारे परवडत नाही, मग चार गावांनी मिळून एकच कचेरी का चालवू नये, असे ते विचारतात. उद्या चांदूर रेल्वे, धामणगाव रेल्वे, तिवसा आणि नांदगाव खंडेश्वर यांची एकच नगरपरिषद करावी अशी सूचना कोणी पुढे आणली, तर पक्षाच्या कार्यकर्त्याने काय उत्तर द्यावे? ‘आमचे गाव ते आमचे गाव’ एवढ्या अभिमानावर तिला विरोध करणे पुरेसे नाही. मोठे ते कार्यक्षम असे मानून तिला मान टाकणे तर अगदीच भोळेपणाचे होईल.

या विचाराची परीक्षा घेण्यासाठी फार दूर जावयास नको. चांदूरहून मुंबईच्या दिशेने जाणाऱ्या गाडीत बसले की मालखेड आणि टिमटाळा मागे टाकून बडनेरा येते. ऑगस्ट १९८३ पर्यंत बडनेऱ्याला स्वतःची नगरपालिका होती. त्या वर्षीच्या स्वातंत्र्यदिनी ती नगरपालिका, अमरावतीची नगरपालिका आणि भोवतालची अठरा खेडी एकत्र करून अमरावती महानगरपालिका स्थापन झाली. वऱ्हाडातील नगरपालिकांच्या एकत्रीकरणाचे हे सर्वांत मोठे उदाहरण होय, आणि त्याला आता चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला असल्यामुळे त्याचा जमाखर्च शांतपणे मांडता येतो.

जमेची बाजू आधी पाहू. या दोन गावांचे आयुष्य खरोखरच एकमेकांत गुंतलेले होते. मुंबई-नागपूर हा मुख्य लोहमार्ग बडनेऱ्याहून गेला आणि अमरावतीला तेथून फाटा मिळाला, तेव्हापासून अमरावतीच्या कापसाच्या पेठेचे दार बडनेऱ्यातच होते. अंतर दहा किलोमीटरच्या आतबाहेर. नोकरीसाठी, शिक्षणासाठी, दवाखान्यासाठी माणसे रोज ये-जा करीत. मधल्या मोकळ्या जमिनीवर घरे उठू लागली होती आणि रस्ता कोणी करावयाचा, नाली कोठे न्यावयाची, बांधकामाचा परवाना कोणाचा घ्यावयाचा, हे प्रश्न दोन पालिका आणि अठरा ग्रामपंचायती यांच्यात वाटले गेले असते तर नगररचना ही केवळ कागदावरची गोष्ट राहिली असती. एकाच वस्तीचे दोन तुकडे दोन कचेऱ्यांच्या हाती असतील तेव्हा एकत्रीकरण करणे शहाणपणाचे असते. अंजनगाव आणि सुर्जी यांची नगरपरिषद एक आहे, अचलपूर आणि परतवाडा यांचीही एक आहे, ते याच कारणाने समजण्यासारखे आहे. १९९८ मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड यांची एक महापालिका झाली तेव्हाही परिस्थिती अशीच होती.

आता खर्चाची बाजू. निवडून आलेल्या दोन पालिका गेल्या आणि त्यांच्या जागी प्रशासक आला. नव्या महापालिकेला लोकनियुक्त सभागृह आणि पहिला महापौर मिळण्यासाठी १९९० चे दशक उजाडावे लागले. म्हणजे कारभार सुधारण्यासाठी जे केले त्याची पहिली किंमत म्हणून नागरिकांचा कारभारावरील हक्कच कित्येक वर्षे स्थगित राहिला. बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीतील माणसाने या काळात आपली तक्रार कोणाच्या दारी न्यावयाची होती?

सभागृह आल्यावरही प्रमाण बदललेलेच राहिले. २०११ च्या जनगणनेनुसार अमरावती महापालिकेची लोकसंख्या सुमारे ६ लाख ४७ हजार आहे आणि २०१७ च्या निवडणुकीत नगरसेवक होते ८७. म्हणजे साधारण साडेसात हजार माणसांमागे एक प्रतिनिधी. त्यातही चार-चार सदस्यांचे प्रभाग केल्यामुळे एकेक प्रभाग सरासरी तीस हजारांचा झाला. चांदूर रेल्वेची एकूण वस्ती त्या जनगणनेत वीस हजारांच्या आसपास होती. अमरावतीचा एक सर्वसाधारण प्रभाग संपूर्ण चांदूरच्या दीडपट आहे असा याचा अर्थ. ‘क’ वर्ग नगरपरिषदेत हजाराच्या आसपास माणसांमागे एक नगरसेवक असतो. तो चांगला असेलच असे नाही, पुष्कळदा नसतोही, परंतु तो सकाळी पानठेल्यावर सापडतो आणि त्याला नळ न आल्याचा जाब विचारता येतो. चार जणांच्या प्रभागात प्रत्येक जण उरलेल्या तिघांकडे बोट दाखवू शकतो.

आणखी एक गोष्ट आहे आणि ती अर्थशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत बोलकी आहे. पाणीपुरवठा ही अशी सेवा की जिच्यात मोठ्या प्रमाणाचे लाभ निर्विवाद असतात. धरणातून पाणी उचलणे, ते शुद्ध करणे आणि मोठ्या जलवाहिनीने आणणे यांचा खर्च जितक्या अधिक घरांवर वाटला जाईल तितका दरडोई कमी होतो. अमरावती आणि बडनेरा यांना मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याजवळ असलेल्या ऊर्ध्व वर्धा धरणाचे पाणी मिळते. परंतु ते पाणी महापालिका देत नाही, महाराष्ट्र जीवन प्राधिकरण देते. ज्या सेवेसाठी एकत्रीकरण सर्वाधिक उपयोगी पडावे तीच सेवा एकत्रित संस्थेच्या हाती नाही. प्राधिकरणाने हेच पाणी दोन निराळ्या पालिकांनाही याच नळाने दिले असते. मग दोन पालिका मोडून पाण्याच्या बाबतीत नेमके काय साधले, याचे उत्तर देणे कठीण आहे.

मोठ्या संस्थेत गेल्याने सेवा आपोआप चालत येते, या समजुतीला समाजवादी चळवळीच्याच इतिहासात उत्तर आहे. मुंबईच्या उत्तरेची उपनगरे १९५७ मध्ये बृहन्मुंबईत सामील झाली, त्यांत गोरेगाव होते. देशातील सर्वांत श्रीमंत महापालिकेत गाव गेले, पण पाणी गेले नाही. १९६१ मध्ये मृणाल गोरे महापालिकेवर निवडून गेल्या आणि हंडे घेतलेल्या बायकांना बरोबर घेऊन झगडल्या, तेव्हा कोठे नळ हलू लागले. लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हटले ते उगाच नव्हे. हद्द बदलल्याने हक्क मिळाला होता, सेवा मात्र संघटनेने मिळवली.

अकोल्याचा अनुभव अलीकडचा आहे. तेथे २००१ मध्ये महापालिका झाली आणि २०१६ च्या हद्दवाढीत भोवतालची २४ गावे तिच्यात आली. क्षेत्र चौपटीहून अधिक वाढले. गावे सामील झाली त्या क्षणी त्यांची ग्रामसभा संपली, जिल्हा परिषदेतील प्रतिनिधित्व संपले, ग्रामीण रोजगार हमीच्या कामावरचा हक्क संपला. कर मात्र शहराच्या दराकडे सरकू लागतो, आणि अकोल्यात घरपट्टीच्या वाढीचा वाद न्यायालयापर्यंत गेला. शेतमजुराच्या दृष्टीने पाहिले तर हा सौदा काय आहे? हमीचे काम जाते, घरपट्टी येते आणि रस्त्यावरचा दिवा यथावकाश लागतो. महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेने खेड्यांबरोबर ‘क’ वर्ग नगरपालिकांनाही आपल्या कक्षेत धरले होते, कारण अशा गावांतील निम्मी वस्ती शेतीवरच राबते हे योजना करणाऱ्यांना ठाऊक होते. चांदूरला हे वेगळे सांगावयास नको. येथील मजूर सकाळी कापूस वेचावयास जातो आणि संध्याकाळी ‘शहरी नागरिक’ म्हणून परत येतो.

कल्याणची कथा तर नमुनेदार आहे. १९८३ मध्येच कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर आणि अनेक खेडी यांची एक महापालिका केली गेली. काही वर्षांत अंबरनाथ आणि बदलापूर वेगळी झाली. भोवतालची २७ गावे २००२ मध्ये बाहेर काढली, २०१५ मध्ये परत आत घेतली, २०२० मध्ये त्यांतील १८ पुन्हा बाहेर काढली आणि तो निर्णय उच्च न्यायालयात टिकला नाही. पुण्यात २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे घेतली आणि फुरसुंगी व उरुळी देवाची यांची पुढे वेगळी नगरपरिषद केली. या उलाढालीत नागरिकांचे मत कोणत्या टप्प्यावर विचारले गेले? हरकती आणि सूचना मागविण्याची औपचारिकता असते, निर्णय मात्र मंत्रालयात होतो, आणि बहुधा निवडणुकीचा नकाशा समोर ठेवून होतो.

सरकारचे धोरण एका दिशेचे आहे असेही नाही. महानगरांच्या भोवती गावे गिळली जात असतानाच २०१४-१५ च्या सुमारास तालुक्यांच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना सरसकट नगरपंचायतींचा दर्जा देण्यात आला. आपल्या जिल्ह्यात तिवसा, भातकुली, नांदगाव खंडेश्वर आणि धारणी या नगरपंचायती तशाच आल्या. लहान पालिका परवडत नाहीत असे म्हणणाऱ्या राज्याने लहान पालिकांची संख्या एका फटक्यात वाढविली. यात विचार कमी आणि सोय अधिक, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

परदेशांकडे एक धावती नजर टाकली तरी पुरे. डेन्मार्कने २००७ मध्ये २७१ पालिकांच्या ९८ केल्या. कचेरीचा खर्च काहीसा घटला, परंतु इतर बाबींत तो वाढला आणि एकूण बचत अभ्यासकांना आढळली नाही. कॅनडातील मॉन्ट्रियल बेटावरच्या साऱ्या पालिका २००२ मध्ये एक केल्या. सार्वमत झाले आणि २००६ मध्ये त्यांतील १५ पुन्हा वेगळ्या झाल्या. फ्रान्सने आपली पस्तीस हजारांच्या घरातील गावे मोडली नाहीत. त्यांचे संघ करून पाणी, कचरा, वाहतूक यांसारखी कामे त्या संघांकडे दिली. पुढे नोबेल पारितोषिक मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेतील पोलीस व्यवस्थेचा अभ्यास केला, तेव्हा लहान ठाण्यांची सेवा मोठ्या खात्यापेक्षा कमी दर्जाची नव्हती, अनेकदा सरसच होती, असे दिसले.

असे का व्हावे? याचे कारण पालिकेच्या कामांच्या स्वरूपात आहे. धरण, जलशुद्धीकरण, कचऱ्यावरील प्रक्रिया, अग्निशमन यांत भांडवली खर्च मोठा आणि तो प्रारंभीच करावा लागतो. ही कामे जितकी मोठी तितकी स्वस्त. याच्या उलट झाडलोट, नाल्या काढणे, दिवे बदलणे, बाजाराची व्यवस्था, जन्ममृत्यूच्या नोंदी, शाळेची देखरेख ही कामे माणसांनी करावयाची असतात. दहा गल्ल्यांना दोन झाडणारे लागत असतील तर शंभर गल्ल्यांना वीसच लागतात. पालिका दहापट मोठी केल्याने ते पंधरावर येत नाहीत. उलट अंतर वाढल्यामुळे मुकादमावर निरीक्षक आणि निरीक्षकावर अधिकारी नेमावा लागतो. गाडगेबाबांच्या मुलुखात हे समजावयास अवघड जाऊ नये. खराटा हातात धरणारा आणि स्वच्छतेचा हिशेब मागणारा यांच्यात जितकी माणसे उभी राहतात तितका रस्ता घाण राहतो. शिवाय एकत्रीकरणात कोणाचे पद जात नाही, वेतनश्रेणी मात्र वरच्या पालिकेच्या बरोबरीला आणावी लागते. ते न्याय्यच आहे. पण मग बचतीची भाषा करू नये, आणि ती बचत सफाई कामगारांना कंत्राटदाराच्या दावणीला बांधून काढली जाणार असेल तर तसे स्पष्ट सांगावे.

लहान पालिका आज दुबळी आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ती लहान आहे म्हणून दुबळी नाही, तिच्या हातातून उत्पन्न काढून घेतले म्हणून दुबळी आहे. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये रद्द झाली. जकातीचे समर्थन करण्याचे कारण नाही, तो कर गरिबाच्या ताटावर पडत होता आणि नाक्यावरचा भ्रष्टाचार सर्वांनी पाहिला आहे. पण गावात येणाऱ्या मालाबरोबर वाढणारे ते उत्पन्न होते. त्याच्या जागी राज्याचे अनुदान आले, आणि अनुदान हे मागणाऱ्याच्या हाताकडे पाहून दिले जाते. पगार भागविण्यातच त्याचा मोठा वाटा संपतो. घरपट्टी हे एकच मोठे साधन उरले, आणि ज्या गावात शेजारी शेजाऱ्याचे घर आकारतो तेथे ती वाढविण्याचे धैर्य कोणी करीत नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून राज्य वित्त आयोगाची तरतूद केली. आयोग नेमले गेले, अहवाल आले, त्यांतील सोयीचे तेवढे स्वीकारले गेले. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत पालिकांकडे सोपविता येतील असे १८ विषय आहेत. विषयांबरोबर पैसा द्यावा असे मात्र कोणाला वाटले नाही. अशा चार पालिका एकत्र केल्या तर चार रिकाम्या तिजोऱ्यांची एक मोठी रिकामी तिजोरी होईल.

चांदूरचा नकाशा डोळ्यांपुढे आणला की उरलेला मुद्दाही उलगडतो. चांदूर आणि धामणगाव ही दोन्ही ‘रेल्वे’ गावे एकाच मार्गावर आहेत, पण मध्ये दिपोरीचे स्थानक आणि मैलोगणती शेते आहेत. तिवसा महामार्गावर, नांदगाव दुसऱ्या बाजूला. अमरावती-बडनेऱ्यासारखी एकमेकांत मिसळत चाललेली वस्ती येथे नाही. पुढील पन्नास वर्षांत ती मिसळतील असे चिन्हही नाही. येथे एकच पालिका करावयाची म्हणजे कचेरी कोणत्यातरी एका गावात ठेवावयाची आणि उरलेल्या तीन गावांतील म्हाताऱ्याने निराधार योजनेच्या दाखल्यासाठी, विधवेने घराच्या नोंदीसाठी बसचे भाडे आणि दिवसाची मजुरी बुडवून तेथे जावयाचे. हा खर्च पालिकेच्या अंदाजपत्रकात कोठेच दिसत नाही, म्हणून एकत्रीकरण स्वस्त वाटते.

मग करावे काय? जी कामे मोठ्या प्रमाणावर स्वस्त होतात तेवढी एकत्र करावीत, मतपेटी जेथे आहे तेथेच ठेवावी. याचेही उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी पिण्याजोगे नाही. तेथे शहानूर धरणातून प्रादेशिक योजनेने दर्यापूर आणि अंजनगाव ही नगरे व तो खारा मुलूख जोडला गेला. त्यासाठी कोणाची नगरपरिषद मोडली नाही आणि कोणत्या खेड्याची ग्रामसभा बुडाली नाही. योजनेत दोष आहेत, उन्हाळ्यात ओरड होते, देखभालीचे बिल कोणी भरावयाचे यावर हमरीतुमरी होते. त्यावर उपाय आहे तो योजनेच्या व्यवस्थापनावर लाभधारक पालिकांचे आणि ग्रामपंचायतींचे निवडून आलेले प्रतिनिधी बसविण्याचा. आज तेथे केवळ अधिकारी बसतात.

त्याच धर्तीवर चांदूर, धामणगाव, तिवसा, नांदगाव यांनी मिळून कचऱ्यावरील प्रक्रियेचा एक प्रकल्प, मैला वाहून नेणाऱ्या गाड्या, अग्निशमनाचे एक सुसज्ज केंद्र आणि एक नगररचनाकार ठेवावा. खर्च लोकसंख्येच्या प्रमाणात वाटावा आणि कारभार प्रत्येक पालिकेच्या दोन-दोन नगरसेवकांच्या मंडळाने पाहावा. डॉ. राममनोहर लोहियांनी चौखंबा राज्याची कल्पना मांडली त्यात गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र असे चार खांब होते. खालचा खांब काढून वरचे मजबूत करावे, असे त्यात कोठेही नव्हते.

जेथे एकत्रीकरण झालेच आहे तेथे, म्हणजे अमरावतीत, मागणी निराळी असावी. तीन लाखांवरील शहरांत प्रभाग समित्या असाव्यात असे घटना सांगते. बडनेऱ्यात महापालिकेचे विभागीय कार्यालय आहे. त्याला स्वतःचे अंदाजपत्रक आणि स्थानिक कामे मंजूर करण्याचा अधिकार मिळाला तर १९८३ मध्ये गमावलेले बरेचसे परत येईल. मतदारांच्या क्षेत्रसभांची कायद्यातील तरतूदही कागदावरून रस्त्यावर आणावयाची आहे.

एक गोष्ट मात्र सर्व पालिकांना, लहान-मोठ्या, सारखीच लागू आहे. २०२२ च्या आरंभापासून राज्यातील बहुतेक पालिकांवर प्रशासक होते. निवडणुका लांबत गेल्या. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या घेण्याचा आदेश दिल्यानंतर डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांच्या आणि जानेवारी २०२६ मध्ये महापालिकांच्या निवडणुका झाल्या. जवळजवळ चार वर्षे चांदूरला नगरसेवक नव्हता आणि अमरावतीलाही नव्हता. मोठेपणाने अमरावतीला वाचविले नाही. या चार वर्षांत कोणती कामे कोणाच्या सहीने झाली, किती रकमेची झाली, कंत्राटे कोणाला गेली, याचा तपशील नव्या सभागृहासमोर ठेवण्याची मागणी प्रत्येक गावातील कार्यकर्त्यांनी करावयास हवी.

त्याबरोबर जिल्हा नियोजन समितीकडेही लक्ष द्यावे. घटनेच्या २४३ (झेडडी) कलमाने ही समिती ग्रामीण आणि नागरी योजनांची सांगड घालण्यासाठी निर्माण केली, आणि तिचे चार-पंचमांश सदस्य जिल्हा परिषद व पालिकांच्या सदस्यांनी आपल्यातून निवडावयाचे आहेत. पालिकांनी परस्पर सहकार्याने काय करावे हे ठरविण्याची जागा तीच आहे. प्रत्यक्षात पालकमंत्री यादी वाचतात आणि बैठक आटोपते. या वेळी लहान नगरपरिषदांमधून या समितीवर जे सदस्य निवडून जातील त्यांनी कचरा प्रकल्प आणि अग्निशमन केंद्र यांचा संयुक्त प्रस्ताव चारही पालिकांच्या ठरावांसह पहिल्याच बैठकीत मांडावा. ठरावाचा मसुदा चांदूरच्या कार्यकर्त्यांनी तयार करावा आणि धामणगाव, तिवसा व नांदगावच्या सभागृहांकडे येत्या महिन्यात पाठवावा.